छत्री उघडेपर्यंत

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत त्या बेंजो पार्टीवर आमच्या आतोबांइतका जीव कुणी लावला नाही, आणि कार्यक्रम चालू असताना तिच्यापासून आतोबांइतकं लांबही कुणी उभं राहिलं नाही. हे दोन्ही एकाच माणसाला कसं जमलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आत्याला तर अजूनही कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची तिची इच्छाही नाही. आतोबा म्हणजे माझ्या या आत्याचे यजमान. टोकावड्याच्या रस्त्यावरून आत वळलं की त्यांचं गाव लागतं. गावात भाताची शेती, पुढे उतरती खाचरं आणि खाचरांच्या पलीकडे चढावर वरचा पाडा. आतोबा अंगाने उंच आणि वाळलेले. चालताना मान एका बाजूला कललेली असायची, त्यामुळे बाजारातल्या माणसाला वाटायचं, हे भाव नीट ऐकू आला नाही म्हणून परत विचारताहेत. हातात लाकडी मुठीची काळी छत्री. पावसाळ्यात ती ते बहुधा घरीच विसरत, पण उन्हाळ्यात, म्हणजे लग्नसराईत, तिच्यावाचून त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

नव्वद सालच्या आसपास त्यांच्या शेजारच्या बाळ्याने गावातली चार पोरं जमवून बेंजो पार्टी काढली. एक बेंजो, एक ढोलकी, एक ताशा, एक खुळखुळा आणि आंब्याच्या फांदीला बांधायचा एक भोंगा, एवढा त्यांचा संसार. पहिली हळद वाजवली ती आतोबांच्याच अंगणात, त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात. आमच्या त्या भागात आवतण घरोघर जातंच, पण ते नुसतं सांगणं झालं. खरी हाक म्हणजे बेंजोची. संध्याकाळी बेंजो कानावर आला की हातातलं काम टाकून उठायचं आणि हळदीला निघायचं. त्या दिवशी गाव आलं, पण वरचा पाडा आला नाही. शिजवलेला भात पातेल्यात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी आतोबा विचारायला गेले तेव्हा पाड्याच्या पहिल्याच घरातल्या भागीबायने त्यांना दारात उभं करून ऐकवलं, "आमाला आवाज आला नाय. आवाज नाय म्हंजे आवतण नाय. आमी काय जेवनाला हापापलेलो हाव काय?" भागीबाय तेव्हाच म्हातारी होती आणि तिच्या शब्दावर पाडा उठायचा-बसायचा. आतोबांनी तिची माफी मागितली. घरी आल्यावर त्यांनी बाळ्याला बोलावलं आणि आयुष्यातला बहुधा एकमेव हुकूम सोडला. "याच्यापुढं मी लांब जावून आयकीन. मी सांगीन तवा चालू कराचा."

तेव्हापासून पार्टीची रीतच पडली. हळदीचा मांडव सजलेला, नवरा पाटावर बसलेला, बायका हळदीची वाटी घेऊन तयार. बाळ्या बेंजोवर एक सूर छेडायचा, थांबायचा आणि सगळं अंगण त्याच्याबरोबर खाचरांपलीकडे बघायला लागायचं. तिकडे वरच्या पाड्याच्या तोंडाशी, मोहाच्या झाडाखाली, उतरत्या उन्हात आतोबा उभे. छत्री उघडली की आवाज पोचला. छत्री मिटलेली आणि उभी धरली की बेंजो पोचत नाही, भोंगा फिरवा. वाजायला लागल्यावर छत्री भराभर उघडमीट झाली की ताशावाल्याने जरा दमानं घ्यावं. ताशावाला या तिसऱ्या खुणेवर फार चिडायचा. त्याचं म्हणणं असं की तेवढ्या लांबून माणसाला ताशा आणि बेंजो वेगळे ऐकूच येऊ शकत नाहीत, म्हातारा वैर साधतोय. पण छत्री उघडेपर्यंत कुणी पुढचा सूर लावला नाही. एकदा नवरदेवाला पाटावर बसून बसून पेंग आली आणि तो कलंडला, तरीही नाही.

मी शहापूरला राहायचो आणि सुट्टीत आत्याकडे जायचो, त्यामुळे अशा अंगणातल्या हळदी मी पोटभर पाहिल्या. आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, पण तेव्हा गाणं किती चालायचं हे वाजवणाऱ्याच्या हातात नव्हतं. नवऱ्याची मावशी नाचायची थांबली की गाणं थांबायचं. मावशी थांबली नाही तर बाळ्या बेंजो वाजवता वाजवता दुसऱ्याच्या हातून चहा प्यायचा. तार तुटली की तो ती बसवेपर्यंत अंगणाशी गप्पा मारायचा, कुणाचा बैल विकला, कुणाची सून आली. कुणी बाई येऊन त्याच्या गालाला हळद फासून जायची आणि त्या हळदीच्या हातांनी तो पुढचं वाजवायचा. त्याच्या बेंजोच्या पांढऱ्या पट्ट्या पुढे पिवळ्या झाल्या त्या वयाने नव्हे. या सगळ्यातलं आतोबांनी काही म्हणजे काही पाहिलेलं नाही. लोक बेंजोच्या जवळ सरकायचे, तसतसे आतोबा लांब. एकदा मी म्हटलं, "आतोबा, एकदा तरी जवळ बसून ऐका." तर म्हणाले, "जवळून काय, कुनालाबी आयकू येतं."

त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हळदीला तर कहरच झाला. आई-बापाने पहिली हळद लावायची. आत्या वाटी घेऊन उभी आणि बापाचा पत्ता नाही. पत्ता नाही असंही म्हणता येत नाही, कारण तो सगळ्यांना दिसत होता, मोहाच्या झाडाखाली. त्या दिवशी वारा उलटा होता. आतोबांनी छत्री मिटून उभी धरलेली, खाली भोंगा चारी दिशांना फिरवून झालेला, आणि आत्या अंगणाच्या कडेला जाऊन ओरडतेय, "आवो, पोरीला हळद लागाची वेळ झाली! या खाली!" तिकडून छत्री तशीच. शेवटी बाळ्याने भोंगा सोडवून माडीच्या कौलावर चढवला, तेव्हा कुठे छत्री उघडली, आणि ती उघडी छत्री घेऊनच आतोबा खाचरांतून धावत आले. त्यांच्यामागून वरचा पाडा रांगेने. व्हिडिओवाल्याने ते सगळं टिपलंय. त्या कॅसेटमध्ये मुलीचा बाप म्हणजे लांबवर एक काळा ठिपका आहे, आणि पाहुण्यांना कॅसेट दाखवताना आत्या पडद्यावर बोट ठेवून सांगायची, "हे बगा, हे आमचं ध्यान."

बाळ्याचा हात गोड होता, त्यामुळे पार्टी गावात मावेना. आधी आजूबाजूच्या हळदी, मग डोळखांबकडच्या, मग मुरबाडच्या बाजारपेठेतून निघणाऱ्या वराती. भोंगा आंब्यावरून हातगाडीवर आला आणि हातगाडीवरून टेम्पोत. टेम्पो आला तसं पार्टीला सारख्या रंगाचे सदरे आले आणि बाळ्याचा बाळूदादा झाला. आता माणसं वाजवणाऱ्यांच्या भोवती नसून टेम्पोच्या पुढे असायची, आणि टेम्पो चालता असल्यामुळे मावशी दमायच्या आत गाणं पुढच्या नाक्यावर गेलेलं असायचं. आवाज वाढला तसं आतोबांचं चालणंही वाढलं. मुरबाडला वरात असली की ते दुपारच्या एसटीने पुढे जायचे, पेठेच्या बाहेर पडायचे आणि आवाज जिथे सरेल असा त्यांचा अंदाज असेल तिथे, रस्त्याच्या कडेला, मिटलेली छत्री घेऊन उभे राहायचे. टेम्पोवर उभा असलेला बाळूदादा कपाळावर आडवा हात धरून लांब बघायचा. छत्री दिसली तर मान हलवायचा, दिसली नाही तर टेम्पोवाल्याला म्हणायचा, "जरा पुढं घे, काका दिसू दे." एकदा त्यांनी भर रस्त्यात छत्री उघडली आणि माळशेजकडे निघालेली एसटी करकचून त्यांच्यासमोर थांबली. कंडक्टर म्हणाला, "चढा लवकर." आतोबा म्हणाले, "नाय, मी जात नाय. मी आयकतोय." कंडक्टरने त्यांच्याकडे बघितलं, मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि घंटी मारली. हा प्रसंग आतोबा फार अभिमानाने सांगत. गाडी थांबली म्हणजे छत्री लांबून चांगली दिसते, हे त्यांच्या मते त्यातून सिद्ध झालं होतं.

मग स्टेज आलं. शहापूरला एका मंडळाने मैदानात पार्टीचा कार्यक्रम ठेवला आणि पहिल्यांदाच पार्टी अशा ठिकाणी वाजली जिथे कुणाचंही लग्न नव्हतं. मी शहापूरचाच, त्यामुळे पहिल्या रांगेत. स्टेजवर धूर सोडला होता. धूर खोकला आणणारा असल्यामुळे पहिले दोन सूर वाजवणाऱ्यांनी खोकत वाजवले. नावातलं 'बेंजो पार्टी' जाऊन 'म्युझिकल ग्रुप' आलं होतं. कीबोर्ड आला होता, दोन नाचणाऱ्या मुली होत्या, आणि एक निवेदक होता, जो प्रत्येक गाण्याआधी त्या गाण्याचं इतकं कौतुक करायचा की प्रत्यक्ष गाणं आल्यावर थोडं कमीच वाटायचं. गाणी कागदावर ठरलेली होती. तार तुटली तेव्हा बाळूदादाच्या हातात लगेच दुसरा बेंजो आला, त्यामुळे कुणाचा बैल विकला गेला ते कळायची सोय राहिली नाही. मैदानाच्या मधोमध मांडव घालून एक साउंडवाला बसला होता. त्याच्यापुढे एवढी बटणं होती की आतोबांनी आधी ती मोजायचा प्रयत्न केला. मग त्यांनी त्याला छत्रीच्या तिन्ही खुणा समजावून सांगितल्या. साउंडवाला पोरगा चांगला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुमी नक्की कुठं उभे राहनार?" आतोबा म्हणाले, "आवाज संपंल तिथं." पोरगा हसला आणि म्हणाला, "मग आटगाव स्टेशनला जावा." आतोबांना त्यात थट्टा वाटली नाही. ते आटगावला गेले. तिथे आवाज आला नाही असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी अगदी गंभीरपणे सांगितलं, आणि बाळ्याच्या कानावर घालायला सांगितलं.

पुढे मुरबाडला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम झाला, तो या सगळ्याचा कळस. स्टेज एवढं मोठं की त्यावर बाळूदादा अंगठ्याएवढा दिसत होता, म्हणून बाजूला पडदा लावून त्यात तो मोठा करून दाखवत होते. पुढे बांबूचं कुंपण, कुंपणाच्या अलीकडे लाल सोफे आणि त्यातल्या एका सोफ्यावर आमचे आतोबा. बेंजो पार्टीने त्यांचा सत्कार ठेवला होता. बाळूदादाने स्वतः घरी येऊन सांगितलं होतं, "काका, आता कवरं दिवस लांब उभं राहानार? या वक्ताला पुढं बसाचं." मनातून प्रेमानेच सांगितलं होतं, याबद्दल मला शंका नाही. आत्याने इस्त्रीचं धोतर नेसवून माझ्याबरोबर पाठवलं. फाटकावरच्या पोराने छत्री काढून घेतली, कारण मागच्या लोकांना दिसणार नाही म्हणे. शाल आली, नारळ आला, टाळ्या आल्या. मग बाळूदादाने माइक तोंडाशी धरला आणि विचारलं, "आवाज येतोय का, मुरबाड?" सगळं मैदान ओरडलं, "येतोय!" आतोबांनी माझ्याकडे वळून, अगदी मनापासून गोंधळून विचारलं, "या लोकांना काय इचारतोय? हे तर भोंग्याच्या तोंडात बसलेत."

पहिलं गाणं संपायच्या आत ते उठले. शाल नारळासकट सोफ्यावरच राहिली, ती मी उचलली. फाटकावर छत्री परत मागून घेतली आणि टोकावड्याच्या रस्त्याने चालू लागले. मी मागोमाग. पेठ संपली, दुकानं संपली, पेट्रोलपंप मागे पडला, तरी आवाज आपला पाठीशी. मोकळी खाचरं लागली तेव्हा कुठे तो विरायला लागला. आतोबा थांबले, मान कलती केली. बराच वेळ ऐकत राहिले. नुसते ठोके येत होते, छातीत बसणारे, त्यांच्यामागे काही आहे की नाही ते समजत नव्हतं. "ढोल येतोय," ते म्हणाले, "बेंजा नाय." आणि त्यांनी छत्री मिटलेली, उभी, उंच धरली. दिवस बुडून गेला होता. मी म्हटलं, "आतोबा, एवढ्या लांबून, अंधारात, कुणाला दिसणार आहे?" ते म्हणाले, "दिसाचं जावू दे. पोचला नाय तर उघडाची कशी?" हात दुखेपर्यंत ते तसेच उभे होते. मला त्यांचं हसूही येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. शेवटी त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "आता तो बगत नसंल." घरी गेल्यावर छत्री खुंटीला लागली. पार्टीच्या कार्यक्रमाला ते पुन्हा गेले नाहीत, आणि शालीचं म्हणाल तर ती आत्याने तांदळाच्या कणगीवर टाकली.

त्यानंतर काही वर्षं गेली. आतोबांचे गुडघे गेले आणि बाळूदादाच्या ग्रुपचं नाव इंग्रजी झालं. आतोबांच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा हळदीला बाळूदादाच येणार, असं तिनेच परस्पर फोनवर ठरवून टाकलं. आला तो त्याच्या सगळ्या लवाजम्यासह, पण गावात नवी घरं झाल्यामुळे गल्ली अरुंद झाली होती. त्याचा मोठा टेम्पो पहिल्याच वळणाला दोन घरांच्या मध्ये असा अडकला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. भिंतीवरून भांडण झालं, विजेच्या तारेवरून दुसरं झालं. इकडे हळद खोळंबलेली. शेवटी बाळूदादाने कपाळावर हात मारला आणि आपल्या जुन्या घराच्या माळ्यावरून पहिला बेंजो आणि पहिला भोंगा काढून आणला. भोंग्यात चिमणीचं घरटं होतं, ते आत्याने हाताने काढलं. ढोलकी एकाची, ताशा दुसऱ्याचा मागून आणला. आतोबा ओटीवर खुर्चीत बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होतो, पण ते कुणाकडेच बघत नव्हते.

बाळूदादा अंगणात बसला. पोटामुळे त्याला मांडी घालायला वेळ लागला. त्याने पिवळ्या पडलेल्या पट्टीवर बोट ठेवलं, एक सूर छेडला आणि थांबला. त्याने खाचरांपलीकडे बघितलं. मग मान वळवून ओटीकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, कोन जातंय?"

आतोबांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. बाळूदादा उठून ओटीपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "स्टेजवर उजेड डोळ्यात मारतो, काका. समोरचं काय दिसत नाय. तरी मी बगतोच." आतोबांनी खुंटीकडे हात केला. मी छत्री काढून त्यांना दिली, त्यांनी ती झटकली, मूठ धोतराला पुसली आणि परत माझ्याच हातात ठेवली. "वारा बगून उभा रा," म्हणाले. "आन पोचल्याबिगर उघडू नको."

मी खाचरं ओलांडून चढलो. मोहाचं झाड होतं तिथेच होतं. वळून पाहिलं तर खाली आमचं अंगण, त्यात मुंग्यांएवढी माणसं, सगळी माझ्याकडे तोंड करून. मी मान कलती केली, अगदी आतोबांसारखी. खालच्या रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, कुठेतरी बोअरचा पंप चालू होता, पानांत वारा होता. बेंजोचा म्हणून एक सूर माझ्या कानाला लागत नव्हता. मी दोन पावलं पुढे गेलो, दोन मागे आलो. छत्री मिटून उभी धरावी तर खाली नात पाटावर बसलेली, उघडावी तर आतोबांचा शब्द. असा घाम पुसत उभा असताना पाठीमागून आवाज आला, "उघड ना रं ती. कवाशी उभा हायेस."

भागीबाय होती. फार थकली होती, पण नवं लुगडं नेसून, काठी घेऊन तयार होती. तिच्यामागे दारादारातून पाड्यातल्या बायका डोकावत होत्या. मी म्हटलं, "आजी, आवाज येत नाहीये अजून." ती म्हणाली, "बेंजा कवा आयकू येत व्हता इथं? कदी नाय आला. त्यालाच यायचा, कसा यायचा त्याचं त्यालाच ठावं. येवडा चढ चढून आमच्यापायी येवून उभा राहायचा, मान वाकडी करून. त्याला बगून आमी निंगायचो." आणि मी काही बोलायच्या आत तिने काठीनेच छत्रीला टोचलं. मी छत्री उघडली.

खाली अंगणात एकदम हालचाल झाली. वाजत असणार. मी भागीबायच्या हाताला धरून उतरायला लागलो आणि पाठीमागून पाडा रांगेने निघाला. निम्मी खाचरं ओलांडली तेव्हा कुठे तो बेंजो माझ्या कानाला लागला, बारीक, हळदीच्या बोटांचा. मला एकदम आतोबांविषयी एवढी माया दाटून आली की भागीबायचा हात सोडून मी डोळे पुसले, आणि तिने विचारलं, "काय गेलं डोळ्यात?"

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा आतोबांची खुर्ची ओटीवर नव्हती. पोरांनी ती उचलून बाळूदादाच्या अगदी शेजारी आणून ठेवली होती. आतोबा आयुष्यात पहिल्यांदाच बेंजोच्या एवढ्या जवळ बसले होते, गालाला हळद लागलेली होती, आणि त्यांची नजर बेंजोवर नव्हतीच. ते माझ्याकडे, माझ्यामागून येणाऱ्या रांगेकडे बघत होते. रांगेतलं शेवटचं माणूस अंगणात येईपर्यंत ते बघत राहिले. मग मला जवळ बोलावून, गाणं चालू असताना, कानाशी तोंड नेऊन विचारलं, "पोचला?"

"पोचला," मी म्हटलं, आणि छत्री मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली.